अर्ज मिळाला, पण नाव लागलं का?

कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्याचा आळंद तालुका अक्कलकोटच्या शिवेला लागून आहे. मे २०२३ मध्ये तिथे विधानसभेची निवडणूक व्हायची होती. त्याआधीच्या काही महिन्यांत या एका मतदारसंघात नमुना ७ चे ६,०१८ अर्ज ऑनलाइन आले. नमुना ७ म्हणजे मतदार यादीतलं नाव वगळण्यासाठीचा अर्ज. पडताळणी झाली तेव्हा त्यांतले खरे निघाले फक्त २४. बाकीचे ५,९९४ फेटाळले गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. अर्जदार म्हणून ज्यांची नावं होती, त्यांतल्या अनेकांना आपण अर्ज केल्याचं ठाऊक नव्हतं. ज्यांची नावं काढायची होती, तेही आपापल्या घरीच राहत होते.

हा प्रकार यंत्रणेने आपणहून पकडला असता तर गोष्ट वेगळी होती. तिथल्या तक्रारींतून पुढे आलं ते असं, की एका बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, आपल्याच नातलगाचं नाव वगळण्याचा अर्ज दिसला. हा माणूस तर इथेच आहे, मग अर्ज कुणी केला, असा प्रश्न पडला आणि तिथून धागा उलगडत गेला.

आता याच्याशेजारी निवडणूक आयोगाचाच एक जुना नियम ठेवून पाहावा. राजकीय पक्षाच्या बूथ प्रतिनिधीला कागदी अर्ज एका दिवसात दहापेक्षा जास्त देता येत नाहीत. संपूर्ण मुदतीत त्याने तीसच्या वर अर्ज दिले, तर नोंदणी अधिकाऱ्याने ते स्वतः पडताळायचे असतात. गठ्ठ्याने येणाऱ्या अर्जांचा धोका ओळखूनच कागदाच्या काळात हा बांध घातला गेला. ऑनलाइन मार्ग उघडताना मात्र त्याच तोडीचा बांध घातला गेला नाही.

आळंदचं उदाहरण सुरुवातीलाच घेतलं ते ऑनलाइन नोंदणी मोडीत काढावी असं सुचवण्यासाठी नव्हे. ही सोय नसती तर पुण्या-मुंबईतल्या किती तरी तरुणांची नावं यादीत आलीच नसती. म्हणणं इतकंच आहे, की गेल्या दहा वर्षांत अर्ज आत येण्याचा रस्ता रुंद झाला, पण यादीकडून माणसाकडे उत्तर जाण्याचा रस्ता जवळपास होता तसाच राहिला. आधुनिकीकरणाचं अर्धं काम झालं आहे आणि उरलेलं अर्धं अधिक अवघड आहे.

स्वतंत्र भारताची पहिली मतदार यादी तयार झाली तेव्हा कुणी अर्ज करावा अशी अपेक्षाच नव्हती. संविधान पूर्ण होण्याच्या आधीच, १९४८ मध्ये, संविधान सभेच्या सचिवालयाने हे काम हाती घेतलं. प्रौढ मताधिकाराचं कलम अजून मंजूर व्हायचं होतं आणि गावोगाव कारकून वह्या घेऊन घरं मोजत निघाले होते. फाळणीने उखडलेल्या निर्वासितांकडे रहिवासाचा पुरावा कुठून असणार? तेव्हा ठरलं, की इथे कायम राहण्याचा इरादा असल्याचं त्यांनी नुसतं लिहून दिलं तरी नाव घ्यायचं. अशा रीतीने सुमारे १७ कोटी ३० लाख नावांची यादी उभी राहिली.

त्या यादीचं एक दुखणंही होतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर लाखो नोंदी अशा आल्या, ज्यांत बाईचं नावच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. परक्या माणसाला नाव सांगायचं नाही ही रीत, विशेषतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशात. सेन यांनी हट्ट धरला: मतदार म्हणजे स्वतःच्या नावाची व्यक्ती. बिहारला महिन्याची जादा मुदत मिळाली. तरीही देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं वगळावी लागली. या निर्णयावर तेव्हा टीका झाली. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांना नाव सांगायला लावण्याचं काम यंत्रणेला करावंच लागलं, कारण नाव मिळवून आणण्याची जबाबदारी तिची होती.

ही जबाबदारी हळूहळू नागरिकाकडे सरकत गेली, आणि त्यात सगळंच वाईट झालं असंही नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने आणि १९६० च्या मतदार नोंदणी नियमांनी माणसाला दावा करायचा, हरकत घ्यायचा आणि अपील करायचा हक्क दिला. ६१ व्या घटनादुरुस्तीमुळे १९८९ पासून मताधिकाराचं वय २१ वरून १८ वर आलं. १९९३ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी छायाचित्र ओळखपत्राचा आदेश काढला. तेव्हापासून घराघरांतल्या कपाटात ते एक कार्ड येऊन बसलं आणि एक गैरसमजही त्याबरोबर आला: कार्ड आहे म्हणजे मत आहे. प्रत्यक्षात कार्ड फक्त ओळख पटवतं. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. मतदानाच्या दिवशी केंद्रावर हातात कार्ड घेऊन वाद घालणारी माणसं दर निवडणुकीत दिसतात, ती याच गैरसमजाने.

२५ जानेवारी २०१५ रोजी, राष्ट्रीय मतदार दिनाला, राष्ट्रीय मतदार सेवा पोर्टल सुरू झालं. त्यानंतर मोबाइलवरचं व्होटर हेल्पलाइन ॲप आलं, बीएलओंच्या हातात गरुड ॲप आलं, सगळ्या राज्यांच्या याद्या ईआरओनेट या एका प्रणालीत आल्या. २०२१ मध्ये ओळखपत्र पीडीएफ स्वरूपात उतरवून घेण्याची सोय झाली. २०२५ मध्ये चाळीसच्या आसपास असलेली आयोगाची वेगवेगळी ॲप्स ईसीआयनेट या एका छताखाली आणायचं ठरलं.

या बदलांमधला सगळ्यात उपयोगी बदल मात्र तंत्रज्ञानाचा नाही, कायद्याचा आहे. पूर्वी पात्रतेची तारीख एकच होती, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत थांबावं लागे. २०२१ च्या दुरुस्तीने जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या पहिल्या तारखा ठरवल्या आणि १ ऑगस्ट २०२२ पासून त्या लागू झाल्या. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी कुठेही एका जागी नाव ठेवता येतं. लातूरहून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाला आता यासाठी तहसील कचेरीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. लग्नानंतर गाव बदललेल्या बाईला, भाड्याचं घर बदललेल्या कुटुंबाला नमुना ८ पुरतो. पत्ता बदलणं, चूक दुरुस्त करणं, हरवलेलं कार्ड पुन्हा मिळवणं आणि अपंगत्वाची नोंद करणं ही चारही कामं आता त्याच एका अर्जावर होतात.

पण ‘सबमिट’ दाबल्यावर काय होतं? पडद्यावर एक संदर्भ क्रमांक येतो आणि बहुतेकांना वाटतं, झालं काम. कायद्याच्या दृष्टीने काम तिथून सुरू होतं. अर्ज नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात बहुधा प्रांताधिकाऱ्याकडे, जातो. बीएलओ घरी येऊन खातरजमा करतो. नव्या नावांच्या अर्जांची यादी नमुना ९ मध्ये, नाव वगळण्याच्या अर्जांची नमुना १० मध्ये आणि दुरुस्तीच्या अर्जांची नमुना ११ मध्ये लावली जाते. हरकतींसाठी किमान सात दिवस जावे लागतात. त्यानंतर निर्णय. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची मुदत उलटली, की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धावतपळत केलेला अर्ज संगणकात पोचतो, पण बऱ्याचदा यादीत पोचत नाही.

नाव वगळण्याच्या बाबतीत तर कायदा आणखी सावध आहे. मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या रहिवाशांना परदेशी असल्याच्या संशयावरून नोटिसा गेल्या, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. लालबाबू हुसेन खटल्याच्या १९९५ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की यादीत आधीपासून असलेलं नाव काढायचं तर त्या माणसाला कारण कळलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, आणि आधीच्या नोंदीला वजन दिलं पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये आळंदवरून देशभर वाद पेटला तेव्हा आयोगाने याच तत्त्वाचा आधार घेतला: कुणालाही ऑनलाइन परस्पर नाव काढता येत नाही, सुनावणीशिवाय नाव वगळलं जात नाही. आळंदमध्ये ती नावं वाचली हे खरं. पण सुनावणीची पाळी येण्याआधी, आपलं नाव काढायचा अर्ज आला आहे एवढं तरी त्या मतदाराला त्याच दिवशी कळायला नको का? बँक खात्यातून दोनशे रुपये गेले तरी मोबाइल वाजतो.

महाराष्ट्रातही असा प्रयत्न झाला, उलट्या दिशेने. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात नव्या नावांच्या ऑनलाइन अर्जांची एकदम रीघ लागली. त्यांतले साडेसहा हजारांहून जास्त अर्ज पडताळणीत नामंजूर झाले आणि प्रशासनाने पोलिसांत तक्रार दिली. इथेही बनावट अर्ज अडले ते माणसाने केलेल्या तपासणीपाशी.

आळंदच्या वादानंतर आयोगाने ऑनलाइन अर्जासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ई-स्वाक्षरी घेण्याची पद्धत आणली. बनावट नावाने अर्ज करणं त्यामुळे अवघड झालं, आणि ते चांगलंच आहे. मात्र ज्याचा मोबाइल आधारशी जोडलेला नाही, ज्याचं आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव एका अक्षराने वेगळं आहे, तो प्रामाणिक माणूसही याच दारात अडतो. महाराष्ट्रात बाईचं मधलं नाव आधी वडिलांचं आणि मग नवऱ्याचं, आडनाव बदललेलं किंवा न बदललेलं. वर इंग्रजीत भरलेल्या नावाचं मराठी रूप संगणक आपल्या समजुतीने घालतो. अशा नावांची जुळवणी यंत्रावर सोपवली, तर सुकुमार सेन यांच्या काळातल्याप्रमाणे पुन्हा बायकांच्याच नोंदी आधी अडखळतील. कागदी अर्जाचा मार्ग त्यासाठी उघडा राहणं गरजेचं आहे, आणि तो दुय्यम समजला जाऊ नये.

ज्यांच्यापर्यंत हा पडदा पोचतच नाही, त्यांचा प्रश्न निराळा. बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास टोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. कायदा त्यांच्या बाजूने आहे: १९५० च्या अधिनियमाचं २० वं कलम सांगतं, की तात्पुरतं गाव सोडल्याने माणूस तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. तरी पडताळणीला बीएलओ येतो तेव्हा घराला कुलूप असतं आणि कागदावर ‘स्थलांतरित’ असा शेरा बसू शकतो. २० नोव्हेंबर २०२४ चं विधानसभेचं मतदान तर गाळप हंगामाच्या तोंडावरच आलं. या कामगारांना अर्जाचा दुवा पाठवून भागत नाही. टोळी निघण्याआधी गावात आणि टोळी उतरल्यावर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, कुणी तरी जावं लागतं. फुटपाथवर राहणाऱ्यांबाबत आयोगाने हे तत्त्व मान्य केलेलंच आहे. बेघर माणसाने अर्ज केला, तर बीएलओने रात्री त्याच्या झोपण्याच्या जागी जाऊन, एकापेक्षा जास्त रात्री, खात्री करायची असते आणि पत्त्याचा कागद मागायचा नसतो. ऑनलाइनच्या काळात टिकवायचा नियम शोधायचा तर तो हा.

अर्ज सोपा होऊनही मत अवघडच राहिल्याचं ठळक उदाहरण परदेशस्थ भारतीयांचं आहे. २०१० च्या दुरुस्तीने त्यांना पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवण्याचा हक्क मिळाला. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून ठाण्याच्या यादीसाठी नमुना ६अ भरता येतो. मत मात्र ठाण्यातल्या केंद्रावर येऊनच द्यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला असे सुमारे १ लाख १९ हजार मतदार नोंदलेले होते, त्यांतले जवळपास ९० हजार एकट्या केरळचे. प्रत्यक्ष मतदान केलं ते तीन हजारांहून कमी लोकांनी.

बाहेरच्या देशांकडे पाहिलं तर भारताची यंत्रणा काही बाबतींत पुढे असल्याचं दिसतं. ब्रिटनमध्ये जून २०१४ पासून ऑनलाइन नोंदणी आहे. ७ जून २०१६ रोजी युरोपीय संघाविषयीच्या सार्वमतासाठी नाव नोंदवायची मुदत संपत असताना तिथलं संकेतस्थळ कोलमडलं आणि मुदत दोन दिवसांनी वाढवावी लागली. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की त्या काळात आलेल्या अर्जांपैकी एक तृतीयांशाहून जास्त अर्ज आधीच यादीत असलेल्या माणसांचे होते. आपलं नाव आहे का, हे ऑनलाइन पाहायची सोय तिथे नव्हती, म्हणून लोकांनी खबरदारी घेत पुन्हा अर्ज केले आणि स्थानिक कार्यालयांवर ओझं पडलं. भारतात नाव, वय, मोबाइल किंवा ओळखपत्र क्रमांक टाकून आपली नोंद शोधता येते. ही साधी सोय किती काम वाचवते, ते ब्रिटनच्या अनुभवावरून कळतं.

पण हा शोध एकेका माणसापुरता आहे. संपूर्ण यादी तपासायची म्हटलं तर हाती येतात पानांची छायाचित्रं. २०१८ पासून संकेतस्थळांवरच्या याद्या शब्द शोधता न येणाऱ्या प्रतिमा-पीडीएफ स्वरूपात आहेत. त्याच वर्षी काँग्रेस नेते कमलनाथ यांनी शोधता येणारी यादी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला तसा आदेश द्यायला नकार दिला. आयोगाचं कारण खासगीपणाचं आहे आणि ते पोकळ नाही; कोट्यवधी लोकांचं वय, पत्ता आणि नातं एका कळीसरशी गोळा करता येणं धोक्याचंच. तरी त्याची किंमतही पाहिली पाहिजे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात जवळपास ४९ लाख नावं वाढली आणि सुमारे ८ लाख वगळली गेली, असं आयोगानेच सांगितलं. यादीत खोटी नावं घुसवल्याचा आरोप त्यावरून विरोधकांनी केला. आरोप खरा की खोटा हे तपासायला सामान्य नागरिकाच्या, पत्रकाराच्या किंवा संशोधकाच्या हाती हत्यार काय होतं? हजारो प्रतिमा-पानं आणि डोळे.

बिहारने यातली एक वाट दाखवली. जून २०२५ मध्ये तिथे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे घरोघर जाऊन यादीची नव्याने पडताळणी, सुरू झालं. ७ कोटी ८९ लाखांच्या यादीचा १ ऑगस्टचा मसुदा ७ कोटी २४ लाखांवर आला. गळालेले ६५ लाख लोक कोण आणि का, हे मसुद्यावरून कळत नव्हतं. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: ही नावं कारणांसह जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाका आणि ओळखपत्र क्रमांकावरून शोधता येतील अशी ठेवा. आठवडाभरात वगळलेल्यांना ऑनलाइन दावा करायचीही मुभा मिळाली. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावं होती. शोधता येणारी यादी अशक्य नव्हती. ती काही दिवसांत झाली. खासगीपणा राखून, फक्त वगळलेली किंवा वगळण्यासाठी प्रस्तावित नावं आणि त्यामागची कारणं तेवढी उघडी ठेवता येतात, हेही त्यातून दिसलं.

दुबार मतदारांचा प्रश्न यंत्राला सुचतो, पण सुटत नाही. मार्च २०२५ मध्ये आयोगाने मान्य केलं, की ईआरओनेटपूर्वी राज्यं हाताने क्रमांक देत असल्यामुळे वेगवेगळ्या राज्यांतल्या मतदारांच्या ओळखपत्रांवर एकच क्रमांक पडला होता. माणसं वेगळी, नुसता आकडा सारखा. महाराष्ट्रात २०२५ च्या अखेरीस स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले. विधानसभेच्या यादीतलं नाव स्वतः काढायचा अधिकार त्या आयोगाला नाही, म्हणून मतदाराला गाठून विचारायचं, की तुम्ही कुठल्या केंद्रावर मत देणार. सारखं नाव आणि सारखा फोटो यंत्र दाखवील. दोन संदीप पाटील एक आहेत की दोन, हे शेवटी दार वाजवूनच ठरतं.

काही कामांसाठी तर अर्जाची वाटच पाहायला नको. मृत मतदाराचं नाव काढायला दुःखात असलेल्या कुटुंबाने नमुना ७ भरावा ही अपेक्षा विचित्र आहे, आणि म्हणूनच ती नावं वर्षानुवर्षं राहतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मृत्यूच्या नोंदी मतदार यादीसाठी देण्याची तरतूद केली. त्या नोंदी महानिबंधकांकडून थेट घेण्याचं आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलं. हे खरं आधुनिकीकरण: एका सरकारी वहीतली माहिती दुसऱ्या वहीत नेण्यासाठी नागरिकाला हमाली करायला न लावणं.

बिहारनंतर शेजारच्या गोव्यात विशेष सखोल पुनरीक्षण नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता. पुनरीक्षण असो वा नसो, राज्यात चार गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. नमुना ७ आला, की संबंधित मतदाराला त्याच दिवशी संदेश आणि घरी नोटीस जावी. नमुना ९, १० आणि ११ च्या याद्या गावानुसार आणि गृहसंस्थेनुसार शोधता याव्यात, म्हणजे सोसायटीच्या सचिवाला किंवा ग्रामपंचायत सदस्यालाही त्या वाचता येतील. अर्ज फेटाळला तर कारण मराठीत मिळावं, आणि पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे व तिथून मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करायचा जो हक्क कायद्यात आहे, तो त्याच पडद्यावर बजावता यावा.

चौथी गोष्ट बीएलओची. बीएलओ म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेचा शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक नाही तर अंगणवाडी सेविका. एका केंद्रावर आता बाराशेपर्यंत मतदार असतात आणि त्या सगळ्यांची खातरजमा नोकरी सांभाळून करायची असते. त्यासाठीचं मानधन वर्षाला सहा हजार रुपये होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते बारा हजार झालं, म्हणजे महिन्याला एक हजार. आळंद आणि राजुरा इथले बनावट अर्ज ज्या तपासणीपाशी अडले, त्या तपासणीची आज ठरलेली किंमत एवढी आहे. पोर्टलच्या पुढच्या आवृत्तीचा खर्च मंजूर होईल तेव्हा ही रक्कमही त्याच फाइलमध्ये पुन्हा तपासली जावी.